सागरी अर्चिनचा शुक्राणू आणि ऊर्जेचा प्रवास

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात पेशीविषयी बोलायला गेलो होतो. पेशीची अंगके सांगता सांगता ‘तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे’ हे नेहमीचे वाक्य आले. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. ‘‘सर, कोयनेला वीज तयार झाली म्हणून आमच्या गावात दिवा लागत नाही. तारा लागतात, खांब लागतात. पेशीत तारा कुठे असतात?’’ मी म्हणालो, ‘‘तारांची गरज नाही. पेशी इतकी लहान असते की एटीपीचे रेणू विसरणानेच सगळीकडे पोचतात.’’ बाई खाली बसल्या. मीही पुढे गेलो.

उत्तर चूक नव्हते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे लागली आणि ते सापडले समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याच्या शुक्राणूत. हा लेख म्हणजे त्या बाईंना उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रयोगशाळेतला काटेरी पाहुणा

सागरी अर्चिन हा कंटकचर्मी संघातला, तारामाशाच्या नात्यातला प्राणी. चेंडूसारखे गोल कवच आणि त्यावर सर्व बाजूंनी काटे. आपल्याकडे मालवण, रत्नागिरी भागातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांच्या खाचांमध्ये तो दिसतो. अनवाणी चालणाऱ्याला त्याची ओळख पटकन होते.

जीवशास्त्रज्ञांना मात्र तो फार सोयीचा वाटला. त्याचे फलन शरीराबाहेर, समुद्राच्या पाण्यात होते. मादी लाखो अंडपेशी पाण्यात सोडते, नर अब्जावधी शुक्राणू सोडतो. म्हणजे एका काचेच्या पेल्यात समुद्राचे पाणी घेऊन फलनाची सारी घटना डोळ्यांसमोर घडवता येते. ऑस्कर हेर्टविग यांनी १८७५ साली भूमध्य समुद्रातल्या अर्चिनच्या पारदर्शक अंडपेशीत दोन केंद्रके एकमेकांजवळ येऊन एकरूप होताना पाहिली. शुक्राणूचे केंद्रक अंडपेशीच्या केंद्रकाला मिळते आणि तेच फलन, हे त्यातून स्पष्ट झाले.

इटलीत नेपल्स येथे अँटोन डोर्न यांनी १८७२ साली सागरी प्राण्यांच्या अभ्यासासाठी एक संशोधन केंद्र उभारले होते. युरोपभरचे संशोधक तिथे येऊन काम करत. ऑटो वॉरबुर्ग हे तरुण जर्मन संशोधक तिथे आले आणि १९०८ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फलन झाल्यावर अर्चिनची अंडपेशी पूर्वीच्या सुमारे सहापट ऑक्सिजन वापरू लागते, असे त्यांना आढळले. जीवनातली एक घटना घडते आणि तिच्याबरोबर श्वसनाचा वेग बदलतो, हे मोजून दाखवता आले. ‘पेशी ऑक्सिजन कशी वापरते’ या प्रश्नाने वॉरबुर्ग यांना पुढे आयुष्यभर सोडले नाही. श्वसनाशी संबंधित विकराच्या शोधासाठी त्यांना १९३१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा झाला अंडपेशीचा भाग. शुक्राणूचा प्रश्न वेगळा होता. अंडपेशी एका जागी राहते आणि तिला वाढायचे असते. शुक्राणूला वाढायचे नसते, विभागायचे नसते, नवी प्रथिनेही बनवायची नसतात. त्याचे काम एकच, पोहत जाऊन अंडपेशी गाठणे. म्हणूनच ऊर्जा आणि हालचाल यांचा संबंध समजून घ्यायला त्याच्याइतकी स्वच्छ पेशी शोधून सापडणार नाही.

त्याची रचनाही साधी आहे. तीन-चार मायक्रोमीटर लांबीचे टोकदार डोके, त्यात केंद्रक. डोक्याच्या तळाशी एकच तंतुकणिका. तिच्यामागे सुमारे ४० मायक्रोमीटर लांबीची आणि ०.२ मायक्रोमीटर जाडीची शेपटी, म्हणजेच कशाभिका. (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) ही शेपटी एक सेंटीमीटर जाड दोरीएवढी मोठी केली असे समजा, तर तिची लांबी दोन मीटर भरेल. ऊर्जा तयार होते एका टोकाला आणि खर्च होते दोन मीटर दोरीच्या प्रत्येक इंचावर. बाईंचा प्रश्न इथे अगदी नेमका लागू पडतो.

ऊर्जेचे नाणे सापडते

इथे आपल्याला काही काळ समुद्रकिनारा सोडून अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जावे लागेल. हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत सायरस फिस्के यांच्याबरोबर एक भारतीय तरुण काम करत होता. नाव यल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५ सालचा, आंध्रातल्या भीमावरमचा. या दोघांनी १९२५ साली फॉस्फरस मोजण्याची रंगावर आधारित एक पद्धत प्रसिद्ध केली. जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत ती दोघांच्या नावाने ओळखली जाते.

नवी मोजपट्टी हाती आली की जुन्या वस्तू पुन्हा मोजाव्याशा वाटतात. फिस्के आणि सुब्बाराव यांनी स्नायूतला फॉस्फेट मोजला. स्नायूत सुटा समजला जाणारा बराचसा फॉस्फेट सुटा नसतोच, तो क्रिएटिन नावाच्या रेणूला जोडलेला असतो, असे त्यांना १९२७ साली दिसले. हा फॉस्फोक्रिएटिन. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यानेही हाच अस्थिर पदार्थ पाहिला आणि त्याला ‘फॉस्फाजेन’ हे नाव दिले. पुढे १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि स्वतंत्रपणे फिस्के-सुब्बाराव यांना स्नायूत आणखी एक पदार्थ सापडला. तो अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजे एटीपी.

एटीपीला आपण वर्गात ‘ऊर्जेचे चलन’ म्हणतो. एटीपीतला शेवटचा फॉस्फेट सुटला की ऊर्जा मिळते आणि एडीपी उरतो. तंतुकणिका त्या एडीपीला पुन्हा फॉस्फेट जोडून एटीपी बनवते. फॉस्फोक्रिएटिन हे त्या मानाने दुय्यम, अडीअडचणीला काढायची शिल्लक, असे पुष्कळ दिवस मानले जाई. क्रिएटिन कायनेज हे विकर फॉस्फोक्रिएटिनमधला फॉस्फेट एडीपीला देते आणि एटीपी तयार करते. गरज पडली तर उलटही करते, एटीपीचा फॉस्फेट क्रिएटिनला देते. हे विकर लक्षात ठेवावे. लेखाच्या शेवटी त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

इंधन कोणते?

शुक्राणू पोहतो तर त्याचे इंधन कोणते? सस्तन प्राण्यांच्या वीर्यात फ्रुक्टोज ही शर्करा असते, असे केंब्रिजच्या थॅडियस मान यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखवून दिले होते. शुक्राणू शर्करेवर चालतात, असे समजणे त्यामुळे स्वाभाविक होते.

पण अर्चिनच्या शुक्राणूला समुद्राच्या पाण्यात शर्करा कोण देणार? जे काही आहे ते घरून बांधून आणलेल्या शिदोरीतच. केंब्रिजच्याच व्हिक्टर रॉथशिल्ड आणि क्लेलंड यांनी १९५२ साली या शिदोरीचा शोध घेतला. शुक्राणूंना काही तास पोहू दिले आणि आधी व नंतर त्यांच्यात काय काय उरले ते मोजले. कर्बोदके मुळातच फार थोडी होती. घटले होते ते फॉस्फोलिपिड, म्हणजे फॉस्फेट असलेले मेद, आणि तेही डोक्याच्या मागच्या, तंतुकणिका असलेल्या भागातले. जपानमध्ये हिदेओ मोहरी यांनीही काही वर्षांत हेच दाखवले.

या शोधाचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. शर्करेपासून थोडा एटीपी ऑक्सिजनविनाही बनवता येतो आणि ती विकरे पेशीत कुठेही, अगदी शेपटीतही, असू शकतात. मेदाचे तसे नाही. त्याच्यापासून ऊर्जा काढायची तर तंतुकणिका आणि ऑक्सिजन दोन्ही हवेत. म्हणजे अर्चिनच्या शुक्राणूत एटीपी बनवण्याची जागा जवळजवळ एकच, डोक्याच्या तळाशी. शेपटीच्या टोकाला स्थानिक कारखाना नाही.

इंजिन शेपटीतच आहे

शेपटी हलते कशी, यावर दोन मते होती. एक मत असे की डोक्याकडून झटका दिला जातो आणि शेपटी चाबकासारखी मागे लहरत राहते. दुसरे मत असे की शेपटी ठिकठिकाणी स्वतःच वाकते. केंब्रिजचे जेम्स ग्रे यांनी १९५५ साली अर्चिनच्या शुक्राणूंची छायाचित्रे घेऊन लाटांची मोजमापे केली. शेपटी सेकंदाला सुमारे ३५ वेळा हलते आणि शुक्राणू सेकंदाला सुमारे २०० मायक्रोमीटर पुढे जातो. सरळ रेषेत गेला तर एक मीटर अंतराला सव्वा तासाहून अधिक वेळ. महत्त्वाचे म्हणजे लाट शेपटीच्या टोकाकडे जाताना विझत नाही. पाण्यात बुडालेली दोरी एका टोकाला हलवून पाहा, लाट थोड्याच अंतरावर मरते. शुक्राणूत ती मरत नाही. याचा अर्थ शेपटीच्या सर्व लांबीत बळ निर्माण होत असले पाहिजे.

हे बळ निर्माण करणारी वस्तू १९५९ साली दिसली. स्वीडनच्या ब्योर्न आफझेलियस यांनी अर्चिनच्या शुक्राणूची शेपटी नव्या पद्धतीने तयार करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. शेपटीच्या आडव्या छेदात मध्ये दोन आणि भोवती नऊ जोड-नलिका असतात, हे ठाऊक झाले होते. आफझेलियस यांना प्रत्येक जोड-नलिकेवरून शेजारच्या नलिकेकडे झुकलेले लहान ‘हात’ दिसले.

हे हात कशाचे? स्नायूतले मायोसिन हे प्रथिन नुसते बांधकामाचे साहित्य नसून स्वतःच एटीपी फोडणारे विकर आहे, असे रशियात एंगेलहार्ट आणि ल्युबिमोव्हा यांनी १९३९ साली दाखवले होते. तसेच काही इथे असेल का? हार्वर्डमध्ये काम करणाऱ्या इयान गिबन्स यांनी टेट्राहायमेना या एकपेशीय प्राण्याच्या पक्ष्माभिका वेगळ्या केल्या. त्यातले एक प्रथिन विरघळवून काढले तर सूक्ष्मदर्शकाखाली हात नाहीसे झाले. तेच प्रथिन परत मिसळले तर हात पुन्हा दिसू लागले, आणि एटीपी फोडण्याची क्षमता मुख्यतः याच प्रथिनात होती. हे काम १९६३ चे. गिबन्स यांनी १९६५ साली त्याला ‘डायनीन’ हे नाव दिले. भौतिकशास्त्रात बलाचे डाईन हे एकक आहे, त्यावरून.

पुढे १९६७ साली गिबन्स हवाई बेटांवर गेले आणि तिथे त्यांना अर्चिनचे शुक्राणू हवे तितके मिळू लागले. त्यानंतरची त्यांची प्रयोगमालिका वर्गात सांगावी इतकी सरळ आहे. एका प्रयोगात समर्स यांच्याबरोबर त्यांनी शेपट्यांचे तुकडे केले आणि ट्रिप्सिनने त्यांतले दुवे अर्धवट तोडले. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या पचनातले विकर. इथे ते कात्रीसारखे वापरले. मग एटीपी घातल्यावर तुकडे वाकले नाहीत. आतल्या नलिका दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकमेकींवरून सरकत बाहेर आल्या आणि तुकडा लांबतच गेला. हे १९७१ साली प्रसिद्ध झाले. डायनीनचे काम नलिका सरकवणे. दुवे शाबूत असले की सरकायला वाव नसतो, आणि त्या सरकण्याचेच वाकणे होते.

दुसऱ्या प्रयोगात, १९७२ साली, इयान आणि त्यांच्या पत्नी बार्बरा गिबन्स यांनी ट्रायटन नावाच्या अपमार्जकाने शुक्राणूंचे पेशीपटल विरघळवून टाकले. पटल नाही म्हणजे पेशी मेलेलीच. पण त्या द्रावणात एटीपी घातल्याबरोबर जवळजवळ सर्व शुक्राणू पोहू लागले. पुढच्या वर्षी त्यांनी मिठासारख्या क्षाराचे तीव्र द्रावण वापरून फक्त बाहेरच्या बाजूचे डायनीन हात काढले. तेव्हा शेपटीची गती जवळजवळ निम्म्यावर आली, आणि काही वर्षांनी काढलेले डायनीन परत जोडून ती पुन्हा वाढवताही आली. इंजिन सापडले होते, आणि ते सुट्या भागांत मोकळे करून परत जोडूनही दाखवले होते.

याचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर १९७६ साल सांगावे. काही माणसांना लहानपणापासून खोकला, सर्दी, श्वासनलिकांचे वारंवार होणारे विकार असतात, आणि त्यांच्यापैकी काहींचे हृदय उजव्या बाजूला असते. कार्टागेनर यांनी १९३३ साली वर्णन केलेल्या या विकाराचे कारण कळत नव्हते. आफझेलियस यांनी शुक्राणू न हलणारे असे काही पुरुष तपासले. त्यांच्या शुक्राणूंत आणि श्वासनलिकेच्या पक्ष्माभिकांत ते लहानसे हात नव्हते. अर्चिनच्या शेपटीत सतरा वर्षांपूर्वी हे हात पाहिलेले असल्याने ते नाहीत हे त्यांच्या लक्षात आले. श्वासनलिकेतला कफ वर ढकलणाऱ्या पक्ष्माभिका हलत नाहीत म्हणून छातीचे आजार, शेपटी हलत नाही म्हणून अपत्यहीनता. दोन्हींचे मूळ एकाच विकराच्या अभावात निघाले.

सुरू कोण करते?

आता थोडे मागे, १९२८ साली जावे लागेल. अर्चिनच्या नराला पोटॅशियम क्लोराईडचे इंजेक्शन दिले तर दाट पांढरे वीर्य बाहेर येते. ते तसेच थंड ठेवले तर त्यातले शुक्राणू बराच काळ निश्चल पण जिवंत राहतात. समुद्राच्या पाण्यात एक थेंब टाकला की लगेच पोहू लागतात आणि ऑक्सिजनचा वापर एकदम वाढतो. याच जेम्स ग्रे यांनी १९२८ साली हे मोजले. विरलन वाढले की दर शुक्राणूमागे श्वसन वाढते, असे त्यांना दिसले.

का? ग्रे यांचे मत असे की दाट वीर्यात हलायला जागाच नसते. रॉथशिल्ड यांनी १९४८ साली वेगळे कारण दिले, दाट वीर्यात ऑक्सिजन संपलेला असतो. दोन्ही कारणे पटण्यासारखी आहेत. गर्दीच्या एस.टी.त माणूस हलत नाही तो जागा नाही म्हणून की हवा नाही म्हणून, असा हा वाद होता. खरे उत्तर तिसरेच निघाले.

ते १९८३ साली दोन प्रयोगशाळांतून पुढे आले. कॅलिफोर्नियात डेव्हिड एपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दाट वीर्यात शुक्राणूंना रोखणारा पदार्थ उडून जाणारा, वायुरूप आहे असे आढळले. तो कार्बन डायऑक्साइड होता. त्याच्यामुळे शुक्राणूच्या आतला सामू कमी राहतो. सिअ‍ॅटलमध्ये बेनेट शापिरो यांच्या प्रयोगशाळेत क्रिस्टेन आणि शॅकमन यांनी पुढची साखळी जुळवली. शुक्राणू पाण्यात आला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सोडियम आयन आत येतात, हायड्रोजन आयन बाहेर जातात आणि आतला सामू वाढतो. डायनीन हे विकर सामूच्या बाबतीत फार हळवे आहे. सामू कमी असताना ते जवळजवळ गप्प असते, थोडा वाढताच जागे होते. सोडियम नसलेल्या पाण्यात शुक्राणू हलत नाहीत, पण तिथेच अमोनिया देऊन आतला सामू वाढवला तर हलू लागतात. म्हणजे कळ सामूचीच.

मग श्वसन का वाढते? जागे झालेले डायनीन एटीपी फोडते, त्यातून एडीपी तयार होतो, आणि एडीपी मिळाला की तंतुकणिका कामाला लागते. क्रम नीट पाहा. ऊर्जाकेंद्र सुरू झाले म्हणून इंजिन चालू झाले, असे इथे घडत नाही. इंजिन चालू झाले म्हणून ऊर्जाकेंद्र सुरू होते. मागणी आली तरच पुरवठा. शिदोरी मोजकी असलेल्या प्रवाशाला हाच शहाणपणा परवडतो.

शेवटच्या टोकापर्यंत

इंधन कळले, इंजिन कळले, कळ कळली. उरला बाईंचा प्रश्न, तारांचा.

एटीपी विसरणाने शेपटीत जातो हे खरे. पण एटीपीचा व्यवहार स्वयंपाकाच्या गॅससारखा आहे. भरलेला सिलिंडर हवा तर रिकामा परत द्यावा लागतो. एटीपी हा भरलेला सिलिंडर, एडीपी हा रिकामा. शेपटीच्या टोकाला तयार झालेला एडीपी ४० मायक्रोमीटर मागे, तंतुकणिकेपर्यंत पोचला तरच नवा एटीपी मिळणार. विसरणाचा वेग दोन टोकांमधल्या सांद्रतेच्या फरकावर ठरतो, आणि पेशीत एडीपी असतोच फार थोडा. थोड्या एडीपीचा फरकही थोडाच. त्यामुळे परतीची वाट रडतखडत चालते. शेपटी मात्र सेकंदाला तीसपेक्षा अधिक वेळा हलते आहे.

इथे क्रिएटिन कायनेज पुन्हा समोर येते. या विकराचा इतिहासही समुद्राशी जोडलेला आहे. बहुतेक अपृष्ठवंशी प्राण्यांत क्रिएटिनऐवजी आर्जिनिनचा फॉस्फाजेन असतो. केंब्रिजच्या जोसेफ आणि डोरोथी नीडहॅम यांनी बाल्डविन व युडकिन यांच्यासह १९३२ साली अनेक प्राणी तपासले, तेव्हा अर्चिनच्या स्नायूंत दोन्ही मिळाले. पृष्ठवंशी प्राण्यांच्या उगमाशी याचा काही संबंध असेल का, अशी चर्चा त्यावरून झाली. अर्चिनच्या शुक्राणूत मात्र क्रिएटिन कायनेज भरपूर आहे. ते तिथे कशाला?

शापिरो यांच्याच प्रयोगशाळेत टॉम्ब्स यांनी हा प्रश्न घेतला. शुक्राणूत हे विकर दोन रूपांत असते, एक तंतुकणिकेजवळ आणि दुसरे शेपटीत. त्यांची कल्पना अशी. तंतुकणिकेजवळचे विकर ताज्या एटीपीतला फॉस्फेट क्रिएटिनला देते. फॉस्फोक्रिएटिन शेपटीत विसरणाने जातो. तिथले विकर तो फॉस्फेट जागच्या जागी एडीपीला देऊन पुन्हा एटीपी करते, आणि मोकळा झालेला क्रिएटिन परत जातो. क्रिएटिन एडीपीपेक्षा पुष्कळ अधिक असल्याने त्याची ये-जा सहज होते. आपल्या उपमेत सांगायचे तर सिलिंडर हलवायचेच नाहीत, गॅस तेवढा पाइपने न्यायचा आणि रिकामा सिलिंडर स्वयंपाकघरातच भरायचा.

कल्पना चांगली, पण पुरावा? क्रिएटिन कायनेजला बंद पाडणारे एक रसायन त्यांनी अगदी थोड्या प्रमाणात दिले. शुक्राणूची हालचाल पूर्ण थांबली नाही. डोक्याजवळ शेपटी नीट हलत राहिली, पण लाट पुढे जाता जाता विझू लागली आणि टोकाकडचा भाग जवळजवळ ताठ राहिला. श्वसनाची यंत्रणा शाबूत होती. पेशीपटल काढून बाहेरून एटीपी दिला तर ते रसायन असतानाही शेपटी टोकापर्यंत हलत होती, म्हणजे इंजिनही शाबूत होते. बिघाड फक्त वाहतुकीत होता. हे काम १९८५ साली प्रसिद्ध झाले, आणि दोन वर्षांनी चार्ल्स ब्रोकॉ यांच्याबरोबर गणिताने तपासूनही दाखवले. पुढे १९९० साली शेपटीतल्या या विकराची घडण कळली. नेहमीच्या क्रिएटिन कायनेजची साखळी एकापुढे एक तीनदा जोडलेली, असे ते एकच लांब प्रथिन निघाले. जनुकाच्या तीन प्रती सांधल्या जाऊन ते तयार झाले असावे.

स्नायूत आणि हृदयातही अशीच ने-आण चालते, असे काही शास्त्रज्ञ आधीपासून म्हणत होते. पण स्नायूच्या पेशीत तंतुकणिका जागोजागी विखुरलेल्या असतात. ऊर्जा कुठून निघाली आणि कुठे पोचली, हे वेगळे काढणे कठीण. अर्चिनच्या शुक्राणूत एका टोकाला ऊर्जाकेंद्र आणि पुढे एका ओळीत ग्राहक. वाहतूक तुटली की शेवटच्या घरातला दिवा आधी विझतो, आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसते. सुब्बाराव यांनी १९२७ साली स्नायूत शोधलेला पदार्थ केवळ शिल्लक नव्हे तर वाहकही असू शकतो, हे असे एका शेपटीने दाखवले.

सगळ्या शुक्राणूंनी हाच मार्ग घेतला आहे असे नाही. उंदराच्या शुक्राणूत शर्करा फोडणारी विकरे शेपटीतच बसवलेली असतात. त्यातले एक विकर नाहीसे केलेले उंदीर २००४ साली अभ्यासले गेले. त्यांच्या तंतुकणिका चालू होत्या, तरी शुक्राणू जेमतेम हलत होते आणि नर वंध्य होते. उंदराने तारा ओढण्याऐवजी गावोगाव छोटे जनित्र बसवले, असे म्हणता येईल.

वर्गात

आता त्या बाईंना मी काय सांगेन? पेशी लहान आणि गोल असेल तर विसरण पुरते. पेशी लांब असेल, खर्च जोरात असेल आणि ऊर्जाकेंद्र एकाच टोकाला असेल तर तारा लागतात, आणि त्या तारा विकरांच्या आणि क्रिएटिनच्या बनलेल्या असू शकतात. ‘तंतुकणिका हे ऊर्जाकेंद्र’ या वाक्यानंतर थांबू नये. इंधन कुठून येते, सुरू कोण करते, पोचते कसे आणि खर्च कोण करते, हे चार प्रश्न मुलांना विचारावेत. प्रत्येकाच्या उत्तरात एखादे विकर सापडते. परीक्षेत विकरांची व्याख्या लिहिणाऱ्या मुलाला विकरे म्हणजे केवळ पचनाचे रस वाटतात. विकर ओझे ओढते, कळ दाबल्यावर जागे होते, माल पोचवते, हे त्याला कळले पाहिजे.

यासाठी सागरी अर्चिन आणायची गरज नाही. वाळलेले गवत पाण्यात उकळून गाळा, थंड झाल्यावर त्यात तळ्यातले चमचाभर पाणी घाला आणि काही दिवस ठेवा. त्यातला थेंब शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बहुधा पॅरामेशियम धावताना दिसेल. त्याच्या पक्ष्माभिकांतही तीच नऊ-अधिक-दोन नलिकांची रचना आणि तेच डायनीन आहे. आपल्या श्वासनलिकेतही तेच आहे. मुले ते पाहत असताना त्यांना विचारा, ‘‘हे धावते आहे, त्याला ऊर्जा कुठून आणि कशी पोचत असेल?’’ कुणी तरी मागच्या रांगेतून हात वर करील. त्याला खाली बसवण्याची घाई मात्र करू नका. ती चूक मी एकदा केली आहे.